नातू आजीचा, कागद कोणाचा?

गणेशोत्सवात आपल्या मंडळाचा एक कार्यक्रम वर्षानुवर्षे ठरलेला आहे. आरती झाली की गुणवंतांचा सत्कार, आणि त्याच्या पाठोपाठ 'गरजू विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्य वाटप'. सहा वह्या, एक कंपासपेटी, एक दप्तर. पाहुण्यांचा हात, मुलाचा हात, मध्ये दप्तर, फोटो, टाळ्या.

काही वर्षांपूर्वी या कार्यक्रमाचे निवेदन आमच्याकडे होते. सातवीतल्या एका मुलाचे नाव पुकारताना आम्ही माईकवरून म्हणालो, 'आई-वडिलांचे छत्र हरपलेला आपला बालमित्र.' कागदावर नुसते नाव होते. बाकीचे शब्द आम्ही पदरचे घातले, कारण सभागृहाला जरा गहिवर यावा असे वाटले. गहिवर आला. मुलगा वर आला, दप्तर घेतले, खाली उतरला आणि मांडवातून सरळ बाहेर गेला. पुन्हा तो मंडळात आलेला नाही. चार-पाच दिवसांनी त्याची आजी आली, दप्तर परत करायला. 'दप्तर चांगलं आहे हो, पण तो हात लावत नाही त्याला,' एवढेच म्हणाल्या. आम्ही दिलगिरी व्यक्त केली. जाता जाता पायरीवर थांबून त्या म्हणाल्या, 'दप्तराचं काही नाही. मामलतदार कचेरीत माझ्याबरोबर यायला कोणीतरी हवं होतं.'

ते वाक्य आमच्या डोक्यातून गेलेले नाही, म्हणून हा लेख.

आजींचे काय अडले होते ते आधी सांगतो. मुलगा गेला तो या शहरात, सून गेली ती माहेरी, महाराष्ट्रात. म्हणजे दोन मृत्यूचे दाखले, दोन राज्यांचे. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या नावापुढे 'राव', मृत्यूच्या दाखल्यावर 'भाई', आणि आधारकार्डावर नुसतेच नाव. आपल्यापैकी ज्यांच्या कागदांवर एका ठिकाणी 'राव' आणि दुसऱ्या ठिकाणी 'भाई' आहे त्यांनी हात वर करावेत म्हटले तर निम्मे बडोदे हात वर करील. एरवी ही हसण्यावारी न्यायची गोष्ट. पण कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या माणसाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसे होती, आणि त्यातला एक जिवंत असू शकत होता. मग सोगंदनामा करा, नोटरी करा, पुन्हा या. आवकेचा दाखला काढायला गेल्या तर तलाठ्याचा पंचनामा हवा. आजींचे वय बहात्तर, गुडघे गेलेले, गुजराती बोलता येते पण अर्ज लिहिता येत नाही. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला त्या आपल्याकडे आल्या, आणि आपण त्यांच्या नातवाला दप्तर दिले.

'अनाथ' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आश्रमाची लांबलचक खोली येते, रांगेने ठेवलेल्या थाळ्या येतात. आपल्या समाजातले पोरके मूल तिथे नसते. ते आजीकडे असते, मामाकडे असते, बिनलग्नाच्या आत्याकडे असते, कधी एकोणीस वर्षांच्या मोठ्या बहिणीकडे असते. म्हणूनच ते दिसत नाही. 'आमच्याकडेच आहे तो, आमचाच आहे,' असे घरचे सांगतात, आणि ते खरेच असते. फक्त त्या 'आमचा' या शब्दाच्या मागे एक बाई उभी असते. तिने नोकरी सोडलेली असते, नाहीतर पेन्शनीत दोन पोटे वाढवलेली असतात. मुलाला निदान सभागृहाच्या टाळ्या मिळतात. या बाईला काहीच मिळत नाही.

जुन्या वाड्यांत हे सगळे आपोआप होत असे, असे म्हणायची आपल्याला सवय आहे. आम्हीही म्हणतो. पण थोडे खरे बोलू या. वाड्यात 'आश्रित' नावाची एक जात असे. विधवा काकू आणि पोरका पुतण्या दोघेही त्यात मोडत. पुतण्याला जेवायला मिळे, हे खरे. पाणी भरायला, दळण आणायला, पाहुण्याला स्टेशनवर पोचवायला हाक त्यालाच पडे, हेही खरे. आणि घरात पैशाची ओढ लागली की पहिली शाळा त्याची सुटे. बाहेरगावाहून शिकायला आलेला गरीब मुलगा वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि ज्या वाराला घर मिळाले नाही त्या वाराला उपास. या रीतीवर पुष्कळ विद्वान पोसले गेले. त्यांतले बरेच जण पुढे मोठेपणी त्या जेवणांबद्दल कृतज्ञतेने बोलले आणि त्या ओसरीवर बसून वाट पाहण्याबद्दल मुळीच बोलले नाहीत. पुण्यात १९०९ साली निघालेल्या संस्थेचे नाव 'अनाथ विद्यार्थी गृह' असे होते. मुले माधुकरी मागून शिकत. पुढे त्या संस्थेने नावातला 'अनाथ' हा शब्द काढून टाकला आणि ती 'पुणे विद्यार्थी गृह' झाली. माईकसमोर उभे राहण्यापूर्वी आम्हाला ही गोष्ट आठवायला हवी होती.

आणि आपण बडोद्याचे. आपल्या गादीवरचा सर्वांत मोठा पुरुष दत्तक आलेला होता. कवळाण्याच्या शेतकरी घरातले गोपाळराव १८७५ साली बारा वर्षांचे असताना महाराणी जमनाबाईंच्या ओटीत आले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. ते अनाथ नव्हते. त्यांचे वडील हयात होते. पण परक्या शहरात, परक्या घरात, नव्या आईच्या हाताखाली वाढणे म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होते. त्यांना शिकवायला दिवाण टी. माधवराव आणि इलियटसाहेब अशी माणसे उभी राहिली, म्हणून ते सयाजीराव झाले. पुढे त्यांनीच १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. दरवर्षी जयंतीला आपण पुतळ्याला हार घालतो. त्या बारा वर्षांच्या मुलाभोवती शिकवणारी किती माणसे उभी होती, याची मोजणी मात्र कोणी करीत नाही.

असो. आता आजच्या कागदांकडे येऊ, कारण खरी लढाई तिथे आहे आणि आपल्या घरांना तिची माहिती नाही.

पहिली गोष्ट, आजी ही कायद्याने पालक नसते. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. १९५६च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि त्यांच्यानंतर आई. दोघेही नसतील तर आजी, आजोबा, काका, मामा यांच्यापैकी कोणीही आपसूक पालक होत नाही. ते नेमून घ्यावे लागते, १८९०च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून. तोपर्यंत आजी मुलाला न्हाऊ घालू शकते, शाळेत सोडू शकते, पण त्याच्या वाट्याचा फ्लॅट विकण्याचा अधिकार तिला नाही. आणि, हे इथे ठळक लिहिले पाहिजे, काकालाही नाही. नुसता सांभाळ करतो एवढ्या आधारावर अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा व्यवहार कोणालाही करता येत नाही, असे त्याच कायद्याचे अकरावे कलम आहे. न्यायालयाने नेमलेल्या पालकालासुद्धा स्थावर विकायला न्यायालयाची परवानगी लागते. (एकत्र कुटुंबाच्या सामाईक वाड्यातला हिस्सा असेल तर नियम वेगळे. तिथे वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये.) 'पोराच्या नावाने सांभाळून ठेवतो' म्हणत फ्लॅटच्या किल्ल्या घेणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. तुम्हीही पाहिले असतील.

दुसरी गोष्ट बापाच्या नोकरीची. आपली पिढी कारखान्यांत, कंपन्यांत नोकरी करणारी. माणूस नोकरीत असताना गेला असेल आणि त्याचा पीएफ कापला जात असेल, तर १९९५च्या पेन्शन योजनेत पोरक्या मुलांसाठी वेगळे निवृत्तिवेतन आहे. आई-वडील दोघेही नसतील तर विधवा पेन्शनीच्या पंचाहत्तर टक्के, कमीत कमी महिना ७५० रुपये, एका वेळी दोन मुलांना, पंचवीस वर्षांचे होईपर्यंत. ७५० रुपये म्हणजे फार नव्हे, पण ते हक्काचे आहेत आणि बऱ्याचदा ७५०पेक्षा जास्त निघतात. याशिवाय पीएफला जोडलेला विमा असतो, त्याची कमाल रक्कम सात लाख आहे. पूर्वी हे पैसे अज्ञान मुलांना द्यायचे तर पालकत्वाचे प्रमाणपत्र मागत, आणि ते आणायला वर्ष-दीड वर्ष जाई. ऑगस्ट २०२५ मध्ये भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयाने परिपत्रक काढले, की रक्कम मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यात जात असेल तर ते प्रमाणपत्र मागू नये. रिझर्व्ह बँकेनेही २०२५ मध्येच दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना स्वतः चालवता येईल असे खाते उघडून देण्याची मोकळीक बँकांना दिली. म्हणजे वाट थोडी सोपी झाली आहे. पण हे आजीला सांगणार कोण? कंपनीतला माणूस तेराव्यापर्यंत येतो. नंतर येत नाही.

तिसरी गोष्ट सरकारी योजनांची. आमची तक्रार इथे आहे आणि ती आम्ही राजकीय तक्रार म्हणूनच मांडतो.

गुजरात सरकारची 'पालक माता-पिता' योजना चांगली आहे, हे आधी मान्य करू. आई-वडील दोघे नसलेले, किंवा वडील वारले आणि आईने पुनर्विवाह केला असे अठरा वर्षांखालचे मूल जो जवळचा नातेवाईक सांभाळतो, त्याला महिना ३,००० रुपये मिळतात. मूल शाळेत जात असले पाहिजे, एवढी अट रास्त आहे. पैसा आश्रमाला न देता सांभाळणाऱ्या घराला देणे, हा विचारच शहाणपणाचा आहे. पण या योजनेच्या नियमांत वर्षानुवर्षे छापून आलेली उत्पन्नाची मर्यादा पाहा: सांभाळणाऱ्याचे उत्पन्न गावात वर्षाला २७,००० आणि शहरात ३६,००० पर्यंत. शहरातले ३६,००० म्हणजे महिन्याला ३,०००. सरकारला ठाऊक आहे की एका मुलाला महिना तीन हजार लागतात. आणि तेच सरकार म्हणते की ते मूल सांभाळणाऱ्या माणसाने स्वतःही महिना तीन हजारांतच भागवले पाहिजे. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, गिरणीतून आलेला आजोबा, शिवणकाम करणारी आत्या, कोणीच या चौकटीत बसत नाही. बसवायचेच तर खोटा दाखला काढावा लागतो, आणि आपली माणसे ते करीत नाहीत, म्हणून घरी बसतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधले महिना ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व थोडे उदार आहे. तिथे मर्यादा गावात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० आहे. पण ते मंजूर होते बाल सुरक्षा एकमच्या कचेरीतून, आणि त्या कचेरीचा पत्ता आपल्या दहा घरांपैकी एकालाही माहीत नसेल. (हे आकडे बदलत असतात. अर्ज करण्याआधी तिथे चालू आकडा विचारून घ्यावा.)

त्यात कोविडने एक नवीन पंक्तिभेद आणला. ज्यांचे आई-वडील ११ मार्च २०२० ते ५ मे २०२३ या काळात महामारीने गेले, त्या मुलांसाठी पंतप्रधान निधीतून दहा लाखांची तरतूद झाली. गुजरातने २०२१ साली दोन्ही पालक गमावलेल्यांना महिना ४,००० आणि एक गमावलेल्यांना २,००० असे जाहीर केले. जे झाले ते योग्यच झाले. आमचा प्रश्न इतकाच, की हमरस्त्यावर ट्रकखाली गेलेला बाप आणि ऑक्सिजनवाचून गेलेला बाप यांच्या मुलांची भूक वेगळी असते का? महामारीच्या वर्षांत सरकारला दिसले की पोरक्या मुलाला काय लागते. महामारी संपली आणि ते दिसणेही संपले.

शाळेचेही तसेच. आरटीई प्रवेशाच्या अग्रक्रमात गुजरातमध्ये अनाथ बालक वरच्या क्रमांकावर आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच राज्यांना सांगितले की शाळेपासून दूर राहिलेल्या अनाथ मुलांची पाहणी करा आणि खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांत त्यांना घ्या. उत्तम. पण आरटीईचा प्रवेश सुरुवातीच्या वर्गात मिळतो आणि फीमाफी आठवीपर्यंत चालते. आई-वडील काही मूल सहा वर्षांचे झाल्याचा मुहूर्त पाहून जात नाहीत. पाचवीत असताना ज्याचे घर बुडाले त्याने काय करायचे? आणि नववीची फी कोणी भरायची?

आपल्यासारख्या दोन राज्यांत विखुरलेल्या कुटुंबांची आणखी एक अडचण आहे, आणि ती गांधीनगरला समजत नाही, मुंबईलाही समजत नाही. जळगाव-नाशिककडचे मूल पोरके होते आणि बडोद्याच्या आजीकडे येते. महाराष्ट्रात त्याला बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळू शकले असते. २०१८ पासून तिथे अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. हे सगळे सीमेच्या पलीकडे राहते. इकडे आले की कागद परराज्यातले, आणि शाळेत पहिल्या दिवशी समोर गुजराती. २०२३च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती शिकणे आवश्यक आहे. गुजरातीशी आमचे भांडण नाही. तीनशे वर्षे होत आली, आम्ही तिच्याच बाजारात भाजी घेतो. पण नुकतीच आई गेलेल्या दहा वर्षांच्या मुलीला 'आ वाक्य वांचो' म्हटल्यावर ती गप्प राहते, आणि शाळा घरी निरोप पाठवते की मुलगी मंद आहे. ती मंद नसते. तिला 'ळ' कसा लिहायचा ते कोणी दाखवलेले नसते. आपल्याकडे निवृत्त गुजराती शिक्षकांचा काय तोटा आहे?

हे झाले सरकारचे. आता आपले.

पालक माता-पिता योजनेत सुनेच्या पुनर्विवाहाचा उल्लेख आहे, हे वर लिहिले. आपल्या किती घरांनी या कारणाने अर्ज केला? आमच्या माहितीत एक घर आहे, तिथे आजोबांनी अर्ज भरायचे नाकारले, कारण 'सून दुसऱ्या घरी गेली हे कागदावर लिहायचे नाही'. धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केले ते १८९३ साली. एवढी वर्षे त्यांचा फोटो आपण सभागृहात लावला आहे, आणि आपल्या घरातली पंचविशीची विधवा पुन्हा संसाराला लागली तर ती लपवायची गोष्ट होते. त्या लपवण्याची किंमत महिना तीन हजार रुपये आहे आणि ती नातू भरतो. शिवाय 'तुझी आई तुला टाकून गेली' हे वाक्य त्याला वरून मिळते, तेही घरातूनच.

आमचा प्रस्ताव साधा आहे. वार लावण्याची जुनी रीत पुन्हा सुरू करावी, पण उलटी. पूर्वी मूल घरोघर जात असे. आता घरांनी त्या मुलाकडे आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईकडे जावे. एका घरामागे सात कुटुंबे, प्रत्येकाचा एक वार. एकाच्या वाराला कचेरीची खेप, एकाच्या वाराला गणित, एकाच्या वाराला गुजराती. कोणाच्या वाराला आजींना डॉक्टरकडे नेणे. कोणाच्या वाराला काहीच नाही, नुसते तीन तास मुलांजवळ बसणे, म्हणजे त्या आत्याला बहिणीकडे जाऊन येता येईल किंवा दार लावून झोपता येईल. हे शेवटचे काम सर्वांत गरजेचे आहे आणि त्यासाठी कोणी नाव देणार नाही, असा आमचा अंदाज आहे. पालकसभेला शाळेत कोणीतरी जावे. नेम निदान दोन वर्षांचा असावा; दोन महिने येऊन बंद होणारी माणसे मुलाने आयुष्यात पुरेशी पाहिलेली असतात. घरी जाताना एकट्याने जाऊ नये, दोघांनी जावे, आणि मुलांना घेऊन दार बंद करून बसू नये. यात कोणाच्या चारित्र्यावर शंका नाही. मुलाला पुढे कधी काही सांगायचे झाले तर ते सांगता यावे, यासाठी ही शिस्त.

पैशाचेही बोलू. मांडवाच्या रोषणाईवर आपण किती खर्च करतो ते ताळेबंदात छापलेले आहे, पुन्हा सांगत नाही. त्यातला चौथा हिस्सा वेगळा काढावा आणि तो मुलाच्या हातात न देता शाळेत फी म्हणून, नववी ते बारावी, परस्पर भरावा. पावती घरी द्यावी. व्यासपीठ नको. बाल न्याय कायद्याचे चौऱ्याहत्तरावे कलम वर्तमानपत्रांना चौकशी-सुनावणीच्या बातमीत मुलाची ओळख छापू देत नाही. आपला मांडव म्हणजे न्यायालय नव्हे, पण त्या कलमामागची समज आपल्याला घेता येईल.

आणि अठरा वर्षे पुरी झाली की हात काढून घेऊ नये. आश्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी पुढच्या काही वर्षांच्या मदतीची तरतूद कायद्यात आहे; आजीकडे वाढलेल्यांसाठी ती नाही. अठराव्या वाढदिवसाला महिन्याचे तीन हजार बंद होतात, आणि त्याच जूनमध्ये कॉलेजची फी भरायची असते. १९१३ च्या जानेवारीत भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत आले, फेब्रुवारीत त्यांचे वडील वारले. वय एकवीस. त्याच वर्षी सयाजीरावांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. 'आता सज्ञान झाला, स्वतःचे पाहील' असे कोणी म्हणाले नाही. (त्याच बडोद्याने पुढे १९१७ साली त्यांना राहायला जागा दिली नाही, हेही जयंतीच्या भाषणात कोणीतरी सांगावे.)

कार्यकारिणीत हा विषय अनौपचारिक निघाला तेव्हा एका ज्येष्ठांनी विचारले, 'आपली म्हणजे नेमकी कोणाची मुले?' प्रश्नाचा रोख सर्वांना कळला. आपले मंडळ कागदावर सर्व मराठी भाषकांचे आहे. पंगतीत ते किती जणांचे असते ते पंगतीत वाढणाऱ्यांना माहीत आहे. पोलीस लाइनीतले, रेल्वेच्या वसाहतीतले, महापालिकेच्या झाडू खात्यातले मराठी घर आपल्या यादीत आहे का? आणि शेजारचे गुजराती मूल? यावर आमच्याजवळ एक जुनी हकिकत आहे. पंढरपुरात १८७५ च्या सुमारास बालहत्या प्रतिबंधक गृह आणि त्याला जोडून अनाथ बालकाश्रम निघाला. आषाढी-कार्तिकीला मागे टाकून दिलेली मुले, लपवून जन्माला आलेली मुले तिथे वाढली. ती जवळजवळ सगळी मराठी होती. तो काढण्यात पुढाकार होता लालशंकर उमियाशंकर यांचा. ते तिथे न्यायखात्यात नोकरीला आलेले गुजराती गृहस्थ. विठोबाच्या दारातल्या मराठी मुलांबद्दल त्यांनी 'आपली कोणती' असे विचारले नाही. आमचे उत्तर तेच आहे.

राहता राहिली उमेदवार मंडळी. निवडणूक आली की ते आपल्या मंडळात येतात, 'मराठी समाज अमारो परिवार छे' म्हणतात, श्रीखंड खातात. या वेळी त्यांच्यापुढे एकच कागद ठेवावा असे आम्हाला वाटते. पालक माता-पिता योजनेची उत्पन्नमर्यादा काढून टाका, नाहीतर निदान मिशन वात्सल्यच्या बरोबरीला आणा. मदत अठराऐवजी एकवीसपर्यंत चालू ठेवा. परराज्यातून आलेल्या मुलाचे दाखले स्वीकारण्याचा स्पष्ट आदेश काढा. सही करणार असाल तर या, नाहीतर श्रीखंड आम्हीच संपवू.

त्या आजींचे काम, विचाराल म्हणून सांगतो, आठव्या खेपेला झाले. सातव्या आणि आठव्या खेपेला आम्ही बरोबर होतो. 'राव' आणि 'भाई' हा एकच माणूस असल्याचा सोगंदनामा आता त्यांच्या फायलीत आहे, आणि त्याची नक्कल आम्ही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे; ज्यांना मजकूर हवा असेल त्यांनी उतरवून घ्यावा. नातू यंदा दहावीला आहे. आमच्याशी अजून बोलत नाही.

त्यांच्या घराचे सोमवार, बुधवार आणि शनिवार लागले आहेत. गुरुवार आमच्याकडे आहे. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार मोकळे आहेत. नावे मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठ या वेळात द्यावीत. मंगळवारी बीजगणित शिकवू शकेल असे कोणी असेल तर फार बरे.